चाचणीचा भात

बायजामावशीने ताट टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि सुलक्षणाच्या तोंडाकडे बघत ती भिंतीला टेकून उभी राहिली. ताटात भाताची मूद, त्यावर पिवळं वरण, कडेला मीठ आणि लिंबाची फोड. सुलक्षणाने पहिला घास नुसत्या भाताचा घेतला. आधी शीत बोटांत दाबून बघायचं, मग जिभेवर ठेवायचं, वरण कालवायचं ते त्यानंतर, असा इथला शिरस्ता होता.

"कसा हाय?"

"उत्तम."

"मंग जेवा निवांत," असं म्हणून मावशी आत वळली.

हा संवाद रोज होत असे आणि त्यात कधी काना-मात्रेचा फरक पडत नसे. आज फरक एवढाच, की टेबलावर दुसरं ताट होतं आणि त्या ताटापुढे मुंबईहून आलेला ऋषिकेश बसला होता. मुख्य कचेरीतल्या खरेदी विभागाचा हा तरुण अधिकारी सकाळी घोटावड्यात उतरला, तेव्हाच त्याच्या खांद्यावरची फुगलेली पिशवी सुलक्षणाने पाहिली होती. पण पाहुण्याला आधी जेवू घालावं, मग काय ते विचारावं, ही माहेरची, बार्शीची रीत ती इतकी वर्षं सासरी, जवळच्या नेऱ्यात राहूनही विसरली नव्हती.

"मॅडम, हा खरंच चाचणीचा भात आहे?" ऋषिकेशने विचारलं. "मला वाटलं होतं, चमचाभर चाखायचं असतं."

"चमच्याने काय कळतं? पोटभर जेवायचं. थोरल्या मालकांचा नियम आहे."

थोरले मालक जाऊन आता बराच काळ लोटला होता. घोटावड्यात प्रेशर कुकरचा कारखाना काढला तेव्हा त्यांनी एक पद्धत घालून दिली. दाब, झडप, पत्र्याची जाडी हे सगळं यंत्रावर तपासलं जायचंच. पण ते झाल्यावर रोज तयार मालातला कुठलाही एक कुकर उचलायचा, त्यात भात लावायचा, आणि ज्याच्या सहीने कुकरचे सुटे भाग विकत घेतले त्यानेच तो भात खायचा. खाणाऱ्याने स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकायचं नाही. गिऱ्हाईक काय आपल्या कारखान्यात येऊन बघतं का, असं मालक म्हणत. त्याला ताटात येईल ते कळतं, तुम्हालाही तेवढंच कळू दे.

पुढे कारखाना एका बड्या कंपनीने घेतला. खरेदीची सूत्रं मुंबईला गेली, मंजुऱ्या संगणकावर आल्या. साधा स्क्रू घ्यायचा तरी तो पाच-सहा जणांच्या पडद्यावरून फिरून येऊ लागला. या सगळ्यात जुन्या पद्धती एकेक करून गळाल्या. भात तेवढा टिकला, कारण कुणीतरी हौसेने त्याच्यासाठी संगणकात एक रकाना करून ठेवला होता. "उपयोग चाचणी, घोटावडे." त्या रकान्यात घोटावड्याची खरेदी बघणारी सुलक्षणा रोज जेवण झालं की एकच शब्द भरायची. उत्तम. हल्ली तर नुसता "उ" दाबला की उरलेला शब्द संगणक आपणहून लिहून द्यायचा.

ऋषिकेशने भात संपवला आणि पिशवी मांडीवर घेतली. आतून कुकरची रबरं निघाली. काळी, गोल, वापरून ढिली पडलेली. त्यांच्याबरोबर छापून आणलेल्या तक्रारींचा गठ्ठा होता.

"ही परत आलेली आहेत. शिटी होत नाही, झाकणाच्या कडेने वाफ जाते. देशभरातून सगळ्यांचं हेच म्हणणं."

"रबर नीट बसवत नसतील."

"मुंबईतही सगळे हेच म्हणतात. गिऱ्हाइकालाच बसवता येत नाही. का, तर घोटावड्याचा शेरा कायम उत्तम." तो जरा थांबला. उद्धट वाटू नये याची त्याला काळजी दिसत होती. "मी सगळ्यांना विचारलं, मॅडम. दर बघणारा म्हणतो, मी दर बघतो. कर बघणारा कर बघतो. वाहतुकीचा माणूस खोकी किती मावतात ते बघतो. दरवर्षी सगळ्यात स्वस्त असेल त्याचं रबर घ्यायचं, आणि दरवर्षी ते जरासं पातळ होतं, पण नियमात बसतं. मी म्हटलं, मग रबर कोण बघतं? तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. घोटावडं बघतं."

सुलक्षणाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. आपल्या एका घासावर एवढ्या मोठ्या कंपनीचा भरवसा! पुढल्या वर्षभराच्या रबरांची खरेदी तिच्याच रकान्यापाशी अडली होती. संध्याकाळपर्यंत तिचा शेरा पडला, की लाखभर कुकरांची रबरं त्याच स्वस्त रबरवाल्याकडून येणार होती.

"ही एक तक्रार वाचा," ऋषिकेश म्हणाला.

तिने चष्मा लावला. कुणा बाईने लिहिलं होतं, "भात वर कच्चा राहतो, खाली करपतो. घरचे म्हणतात, मलाच येत नाही."

सुलक्षणाचा हात ताटातच राहिला.

वैशाखात तिच्या जान्हवीचं लग्न झालं. लेक नाशिकला गेली आणि जाताना आईच्या कंपनीचा नवाकोरा कुकर घेऊन गेली. सुलक्षणाने तो स्वतः उचलून, पुसून, हळदकुंकू लावून दिला होता. पंधरवड्यातच फोन आला, आई, भात बिघडतोय. सुलक्षणा हसली होती. "पाणी नीट मोजून घाल. भात काय अवघड असतो?" पुन्हा फोन आला, पुन्हा तेच. मग एकदा, घरात पाहुणे असताना, जान्हवीने रडवेल्या आवाजात फोन केला आणि सुलक्षणाच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या घरात वाढलीस आणि तुला साधा भात येत नाही? लोक मला काय म्हणतील?" पलीकडून "बरं" एवढंच आलं. त्यानंतर लेकीने भाताचं नाव काढलं नाही. फोन यायचे, पण तब्येत कशी आहे, बाबांची गोळी संपली का, एवढ्यावरच मिटायचे. लेक संसारात रमली, अशी सुलक्षणाने मनाची समजूत घातली होती. ती समजूत काही केल्या नीट बसत नव्हती.

"मॅडम, थोडा भात मिळेल का?" ऋषिकेश संकोचून म्हणाला. "खोलीवर राहतो ना, असा भात खाऊन फार दिवस झाले."

सुलक्षणाने आत हाक मारली. आतला पंखा घरघरत होता, मावशीला ऐकू गेलं नाही. दुसरी हाकही वाया गेली. पाहुण्याचं ताट रिकामं आणि आपण बसून राहायचं, हे सुलक्षणाला जमण्यासारखं नव्हतं. ताट उचलून ती उठली आणि थोरल्या मालकांचा नियम मोडून पहिल्यांदाच त्या दारातून आत गेली.

ओट्यापाशी बायजामावशी पाठमोरी उभी होती. पाहुणा म्हणून तिने दुसरा कुकर लावायला घेतला होता. त्याचं रबर बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यात पडलं होतं. ते तिने काढलं, पुसलं, तेलाचं बोट फिरवलं, उलटं करून झाकणात बसवलं. मग परातीतला कणकेचा गोळा घेऊन त्याची लांब वळी केली आणि झाकण लावल्यावर ती वळी कडेने गोल चिकटवत गेली. सासरी जाणाऱ्या पोरीची वेणी घालावी, इतक्या मायेने तिचं हे चाललं होतं. शेवटी तिने झाकणावर पाटा ठेवला आणि गॅस पेटवला.

"मावशी, हे काय करताय?"

बायजामावशी दचकली. "अगं बया! बाई, तुमी हितं कशाला आलासा?"

"ही कणीक कशाला?"

"कशाला म्हंजी? वाफ जाती न्हवं कडंनं. रबर लई पातळ यायला लागलंय. आधी नुसतं गार पान्यात टाकलं की भागायचं. आता कणीक लावल्याबिगर शिटीच हुईत न्हाई."

"कधीपासून?"

"लई दीस झालं की."

"मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"काय सांगायचं?" मावशीला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "तुमाला कदी कच्चा भात आला का?"

"नाही."

"मंग!"

सुलक्षणा तिथल्या स्टुलावर बसली. हातात पाहुण्याचं रिकामं ताट तसंच होतं. बायजामावशी घोटावड्याच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर राहायची. नवरा गेणू शेरडं-मेंढरं राखायचा, ही रोज उतार उतरून कारखान्यात यायची. तिच्या घरी भात चुलीवर, पातेल्यात. दिवाळीला कंपनीने दिलेल्या कुकरात ती कोंबडीची अंडी ठेवायची, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं आणि सगळे त्यावरून तिला चिडवायचे. चाचणी वगैरे शब्द तिच्या कानावरून जात, पण तिच्या मनाशी हिशेब साधा होता. बाई रोज जेवायला बसतात, त्यांच्या ताटात भात चांगला पडला पाहिजे. कुकर बिघडला तर कुकरला सांभाळून घ्यायचं, बाईला उपाशी ठेवायचं नाही. तिचा जीव होता सुलक्षणावर, आणि सुलक्षणाचाही तिच्यावर. इतकी वर्षं रोज "उत्तम" ऐकल्यावर कुणाचा हात कच्चा भात वाढायला धजेल?

ऋषिकेश दारात येऊन उभा राहिला होता. त्याने कणीक पाहिली, बर्फाचं पातेलं पाहिलं, पाटा पाहिला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "म्हणजे आपण कुकर तपासतच नव्हतो. मावशींना तपासत होतो."

बायजामावशीने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "माजं काय चुकलं का, बाई?"

"नाही हो, मावशी." सुलक्षणाने तिचा कणकेचा हात धरला. "तुमचं काही चुकलं नाही. आता फक्त एक करा. यातलं काहीही न करता भात लावा. खोक्यातून काढलेलं रबर घाला, झाकण लावा, बास."

"आन् बिघडला तर?"

"बिघडू दे."

"जानूनबुजून वंगाळ करू? माजा हात न्हाई वळायचा."

तरी बाईचा शब्द म्हणून तिने प्रयत्न केला. आधीचा कुकर उतरवून नवा घेतला, तांदूळ धुतला, पाणी घातलं, झाकण लावलं. पण कडेने वाफेची पहिली रेघ दिसली, तसा तिचा तळवा आपसूक झाकणावर गेला आणि जोर देऊन दाबू लागला. सुलक्षणाने बोट दाखवलं तेव्हा तिचं तिलाच कळलं. तिने हात मागे घेतला आणि थोड्या वेळाने तो पुन्हा तिथेच सापडला. शेवटी सुलक्षणाने तिला दंड धरून बाहेर पायरीवर नेऊन बसवलं.

"ऋषिकेश, तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"अजिबात नाही."

"छान. मग तुम्हीच लावा."

त्याने बाह्या दुमडल्या. कुकरबरोबर येणारं माहितीपत्रक उघडलं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे तांदूळ, त्यात लिहिल्याप्रमाणे पाणी, अगदी परीक्षेला बसल्यासारखं मोजून घातलं. पायरीवरून मावशीचा जीव वरखाली होत होता.

"सायेब, रबर वलं करून घ्या!"

"मावशी, बोलायचं नाही," सुलक्षणा म्हणाली.

"न्हाई बोलत." ती गुडघ्यांना मिठी घालून बसली. मग राहवेना. "आवं, जाळ तरी बारीक करा!"

शिटी काही झाली नाही. कुकर कडेकडेने फुसफुसत राहिला, ओट्याच्या फरशीवर पाणी गळत राहिलं आणि बऱ्याच वेळाने करपल्याचा वास सुटला. वास येताच मावशीने पदर तोंडाला लावला. या कारखान्यात असा वास यापूर्वी कधी आला नव्हता.

ऋषिकेशने ताट वाढून आणलं. वरचा भात टणटणीत, खालचा काळा. सुलक्षणा टेबलापाशी बसली, शिरस्त्याप्रमाणे तिने एक शीत बोटांत दाबलं. ते मोडलं नाही. मग घास तोंडात घातला. दाताखाली कणी कचकन वाजली. दुसरा घास तिने घेतला, तिसराही घेतला. ऋषिकेश म्हणाला, "मॅडम, कळलं ना, आता राहू द्या." तिने मान हलवली. पोटभर जेवायचं असा नियम होता. पण खरं सांगायचं तर नियमासाठी ती खात नव्हती. पाहुण्यांसमोर हाच भात वाढताना तिच्या पोरीने मान कशी खाली घातली असेल, ते एकेका घासाला तिला दिसत होतं. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत.

बायजामावशी दारातून बघत होती. "नगा खाऊ वो, बाई," ती कळवळून म्हणाली. "पोट दुखंल."

ताट बाजूला सारून सुलक्षणा संगणकापुढे बसली. रकाना उघडा होता. तिने भ दाबायला हवा होता, पण बोट सवयीने "उ"वर गेलं आणि पडद्यावर "उत्तम" उमटलं. तिने एकेक अक्षर खोडलं. मग सावकाश लिहिलं, "भात कच्चा. हे रबर घेऊ नये."

"मॅडम, यावर चौकशी लागेल," ऋषिकेश म्हणाला. "तुमचे मागचे सगळे शेरे काढतील."

"काढू देत. माझेच आहेत ते."

"आणि मावशींचं?"

"मावशींनी भात चांगला केला. त्याची कसली चौकशी?" ती त्याच्याकडे वळली. "फक्त उद्यापासून चाचणीचा भात त्यांनी लावायचा नाही. दर आठवड्याला मुंबईहून मंजुरी देणारा एक जण इकडे धाडा. दरवाला, करवाला, खोकीवाला. ज्याने सही केली त्याने भात लावायचा आणि त्यानेच खायचा. मावशी त्यांच्यासाठी वरण करतील, निदान वरण तरी बरं मिळेल."

ऋषिकेश हसला. "पहिला नंबर माझा लागला म्हणायचा."

मंजुरी नाकारायचं बटण लाल रंगाचं होतं. इतक्या वर्षांत सुलक्षणाचं बोट तिकडे कधी गेलं नव्हतं. तिने ते दाबलं आणि फोन घेऊन बाहेर अंगणात आली.

कारखान्याच्या कुंपणापलीकडे भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. गेणूची मेंढरं धसकटांत तोंड घालून चरत होती. तिने जान्हवीचा नंबर लावला. या वेळी ती कधी फोन करत नसे.

"आई? काय गं, सगळं ठीक ना? बाबा?"

"सगळं ठीक आहे. तू जेवलीस का?"

"हो. पोळीभाजी."

"भात?"

 पलीकडून थंड, समजूतदार आवाज आला. "आई, तो विषय नको ना. आम्ही भात करतच नाही हल्ली. काही अडत नाही."

 काय म्हणायचं ते सुलक्षणाने अंगणात येईपर्यंत नीट जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता जाग्यावर सापडेना.

"मी आज कच्चा भात खाल्ला," ती म्हणाली. "वर कच्चा आणि खाली करपलेला. ताटभर."

"कारखान्यात? तिथे कुणी केला असला भात?"

सुलक्षणाने मागे वळून पाहिलं. मोरीपाशी ऋषिकेश कुकरचं काळं बूड खरवडत होता आणि बायजामावशी कमरेवर हात ठेवून त्याला राख कशी लावायची ते शिकवत होती.

"मी," ती म्हणाली. "मीच केला."

"तू?"

"हो."

 पलीकडे जान्हवी फिसकन हसली. आधी चोरून, मग तोंडावर हात धरून, आणि मग तिला आवरेचना. लग्नानंतर हे हसू सुलक्षणाच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं.

"अगं आई," हसता हसताच जान्हवी म्हणाली, "पाणी नीट मोजून घालायचं ना! भात काय अवघड असतो?"

"हो गं," सुलक्षणा म्हणाली. "चुकलंच माझं."

लेकीचं हसून संपेपर्यंत ती थांबली. मग कुंपणाला टेकून म्हणाली, "आता ऐक. तुझ्या कुकरबद्दल सांगायचंय."